सातबाऱ्याचं दुसरं वाचन

गार्डसाहेबांनी पहिल्याच तासाला मला गप्प केलं. मला गप्प करणं सोपं नाही, हे शिरूरच्या बाजारपेठेत कुणालाही विचारा.

तेव्हा माझा टायपिंगचा क्लास होता, एसटी स्टँडसमोर, बियाण्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. खडखडणारी जुनी मशिनं आणि कोपऱ्यात नवेकोरे दोन कंप्युटर. त्यांना मी फुलाफुलांचे अभ्रे शिवले होते, आणि चपला बाहेर काढल्याशिवाय कुणाला आत घेत नव्हते. नव्वदचं दशक संपत आलं होतं. जो तो आपल्या पोरीला कंप्युटर शिकवायला निघाला होता. त्या गर्दीत रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले हे गृहस्थ दौंडहून आठवड्यातून दोनदा एसटीनं यायचे. दौंडला क्लास नव्हता असं नाही, पण तिथं सगळे ओळखीचे. ‘काय गार्डसाहेब, या वयात शिकवणी?’ म्हणून हसायचे. इथं हसणारी मी एकटीच होते.

पहिल्या दिवशी मी त्यांना नाव टाइप करायला लावलं. ते झाल्यावर त्यांनी विचारलं, “बाई, यात माझ्याबद्दल कुणी चुकीचं लिहिलं, तर मी कुणाला सांगायचं?”

“कंप्युटर चुकत नाही साहेब,” मी म्हटलं. मी सगळ्यांना हेच सांगायचे.

“तो नसंल चुकत. पण त्यात घालणारा माणूस चुकतो की. मग सांगायचं कुणाला?”

मी म्हटलं, उद्या सांगते. उद्या कसलं सांगते! मला ठाऊकच नव्हतं. तालुक्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. हळूहळू लाइट बिल, रेशनकार्डाची यादी, मतदारयादी असं एकेक कंप्युटरवर चढत होतं, आणि चूक निघाली की खिडकीतला माणूस एवढंच म्हणायचा, “कंप्युटरला असंच दिसतंय.” ऐकणारा बिचारा देवाची आज्ञा झाल्यासारखा परत फिरायचा. माझ्या डोक्यात तिडीक जायची.

त्या तिडिकीतून आमचा गट निघाला. दर रविवारी क्लासमध्ये नऊ-दहा जण जमायचो, लोकांचे कागद यादीशी ताडून बघायचो आणि चूक निघाली की अर्ज लिहून द्यायचो. दोन शिक्षक, पोस्टातले एक, माझ्याच क्लासच्या काही मुली आणि गार्डसाहेब. पुढं त्यांनी दौंडला रेल्वे क्वार्टर्समध्ये दुसरा गट उभा केला. दौंडच्या मंडळींना लगेच बॅनर पाहिजे होता, नाव पाहिजे होतं, अध्यक्ष पाहिजे होता. मी म्हटलं, आधी काम करा, मग हार घाला. त्यावरून ते महिनाभर रुसले होते.

नियम मोजकेच होते. दुसऱ्याचा कागद घरी न्यायचा नाही. एकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही. फ्लॉपी कपाटात, किल्ली माझ्याकडे. हा शेवटचा नियम कसा आला ते सांगते. आमच्यातल्याच एका शिकल्यासवरल्या मुलीनं एका गावच्या नावा-वयांची फ्लॉपी आपल्या विमा एजंट मामाला दिली. का, तर मामांना गिऱ्हाइकं मिळतील! दुसऱ्याच आठवड्यात मामा घरोघर जाऊन म्हाताऱ्यांना त्यांचं वय सांगू लागले. मी त्या मुलीला असं फैलावर घेतलं की खालच्या दुकानदारानं वर येऊन विचारलं, बाई, मारामारी झाली का? तिला बिचारीला शेवटपर्यंत कळेना की तिचं चुकलं काय. नावं खोटी थोडीच होती, म्हणाली. खरी होती म्हणूनच चुकलं, हे समजावता समजावता मला घाम फुटला.

मग सातबारे कंप्युटरवर चढायला लागले, आणि आमचं खरं काम सुरू झालं. सातबारा म्हणजे शेतकऱ्याचा जीव. जमीन कुणाची, किती, विहीर कुणाची, वाट कुणाची, सगळं त्यात. आजवर तो तलाठ्याच्या हाताचा होता. आता छापील कागद निघणार होता, आणि तो पक्का झाला की हाताचा बंद. पक्का व्हायच्या आधी गावात त्याचं वाचन करायचं होतं. कुणाची हरकत असली तर तिथंच नोंदवायची, आणि तलाठ्यानं तिथल्या तिथं दुरुस्त करून तालुक्याला पाठवायचं. तलाठी एक, गावं चार. त्यामुळं आम्ही मदतीला येतो म्हटल्यावर बहुतेक तलाठ्यांनी हात जोडून या म्हटलं.

काम कसं करायचं ते गार्डसाहेबांनी ठरवलं. इंजिनातली दोन माणसं सिग्नल दिसला की एकमेकांना मोठ्यानं ओरडून सांगतात, दोघांनाही समोर दिसत असला तरी. तसंच करायचं. एकानं हाताचा सातबारा वाचायचा, दुसऱ्यानं छापील. दोन्ही जुळले की ज्याची जमीन त्यानं तोंडानं ‘बरोबर’ म्हणायचं. मान हलवलेली चालणार नाही. सुरुवातीला लोकांना हसू यायचं. नंतर सवय झाली. एकेका गावाला दोन-दोन दिवस लागायचे, घसा बसायचा, पण चुका सापडायच्या. सापडली की आम्हाला काय आनंद व्हायचा! पोरं चिंचा पाडताना होतात तसे आम्ही व्हायचो.

आता ज्या गावाचं सांगायचंय, ते घोडनदीच्या काठाला, शिरूरहून दौंडला जाताना आत वळावं लागतं असं. गाव लहान. त्या आठवड्यात गार्डसाहेबांच्या सुनेचं बाळंतपण निघालं आणि ते येऊ शकले नाहीत. शिक्षकांना शाळेच्या परीक्षा. मुलींना घरून सोडेनात. मी म्हटलं, काही अडत नाही, एवढंसं गाव, मी एकटी बास आहे. मला माझ्याबद्दल फार खात्री असायची तेव्हा.

चावडीचे पत्रे वाऱ्यानं उडून गेले होते. गावातले मोठे बागायतदार आप्पा, सोसायटीचे माजी चेअरमन. पांढरी टोपी, तोंडात साखर. म्हणाले, “बाई, उन्हात कशाला बसता? देवळाचा सभामंडप हाय, पंखा हाय, माइक हाय. च्याचंबी बगतो.” मी खूश. कोतवालानं दवंडी दिली की देवळात वाचन आहे, सगळ्यांनी या. मंडप भरला. हाताचं दप्तर तलाठी भाऊसाहेबांच्या मांडीवर होतं, पण एकटीनं दोन्ही कसं वाचणार? मी छापील घेतलं आणि वाचत सुटले. हरकत कुणाची? नाही. पुढं. हरकत? नाही. तोंडानं ‘बरोबर’ वगैरे कुणी म्हणत नव्हतं, मीही थांबत नव्हते. दुपारच्या जेवणाआधी गाव संपलं. खाली मी सही ठोकली, ‘वाचन झाले. हरकत नाही.’ भाऊसाहेब म्हणाले, “बाई, तुमी तर एक्सप्रेस गाडी हाय.” परतीच्या एसटीत मी स्वतःवर इतकी खूश होते की शेजारणीला आपणहून खिडकी दिली.

नंतरच्या गुरुवारी क्लासमध्ये एक बाई आल्या. पन्नाशीच्या, उन्हानं रापलेल्या, पदर खोचलेला. त्यांनी चपला बाहेर काढल्या आणि उंबऱ्याच्या आत येऊन उभ्या राहिल्या. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात घडी घातलेला हाताचा सातबारा.

“तुमीच का त्या वाचनाऱ्या बाई?”

मी म्हटलं, हो, बसा मावशी. त्या बसल्या नाहीत. उभ्यानंच सांगितलं. त्यांची आप्पांच्या मळ्याला लागून थोडी जमीन होती. विहीर सामाईक, हिस्सा सातवा. गावच्या बोलीत बुधवारची पाळी. सासऱ्यांच्या वेळेपासून बुधवारचं पाणी त्यांचं. काल बुधवार होता. त्या मोटर चालू करायला गेल्या, तर आप्पांच्या मुलानं छापील कागद दाखवला. म्हणाला, काकी, कंपूटरला तुमचं नाव न्हाई. आता कंपूटरचंच चालतं.

“कांदा लावलाय मी,” त्या म्हणाल्या. “आज न्हाई तर उद्या माना टाकंल. येका बुदवारचं सोसंल, पर हे कायमचंच व्हणार म्हनत्यात.”

मी कागद बघितला. हाताच्या सातबाऱ्यावर इतर हक्काच्या रकान्यात जागा संपली होती म्हणून कुण्या जुन्या तलाठ्यानं कागदाची पट्टी चिकटवली होती, आणि ती मागं दुमडली होती. त्यांच्या सासऱ्यांचं नाव, विहिरीचा सातवा हिस्सा, त्याखाली वारस म्हणून त्यांचं नाव, सगळं त्या पट्टीवर. दप्तरातही अशीच पट्टी असणार, आणि टाइप करणाऱ्यानं ती उलगडली नव्हती. तो कोण होता मला आजही माहीत नाही. पण दोन्ही कागद शेजारी धरून वाचले असते तर पोराच्याही लक्षात आलं असतं. हे मला त्याच क्षणी कळलं, आणि माझा स्वभाव असा वाईट की चूक कळली की मी आधी दुसऱ्यावर ओरडते.

“अहो पण मावशी, एवढं गावात वाचन झालं, तेव्हा का नाही बोललात? हरकत कुणाची, हरकत कुणाची म्हणून मी घसा फोडत होते!”

“मी तितंच व्हते,” त्या म्हणाल्या.

“कुठं तिथं?”

“लिंबाखाली. देवळाम्होरं लिंब हाय ना, त्याच्या खाली. आमच्यातली समदीच व्हती. माइक आतल्या अंगाला. आमाला नुसती घूंघूं ऐकू येत व्हती.”

“मग आत यायचं! अडवलं का कुणी?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता त्या बघण्यात, पण मला वाटलं की ही बाई मला तोलून बघतेय.

“अडवलं न्हाई. बाई, आमी बौद्ध. आमच्या सासऱ्यांनी देव सोडलं, तवाच देवळाची पायरीबी सोडली. येकदा त्यांनी आमाला येऊ दिलं न्हाई. मंग आमीच म्हनलं, न्हाईच यायचं. आता कागद वाचायला म्हनून का चढू?”

मशिनं खडखडत होती. मी मुलींना थांबा म्हटलं. मावशींना पाणी दिलं. कागदाची झेरॉक्स काढली, त्यांचा कागद त्यांच्या पिशवीत परत ठेवला. म्हटलं, सोमवारपर्यंत मुदत आहे, मी बघते. त्या म्हणाल्या, “बगा म्हंजी काय करनार?” मी म्हटलं, आधी आमच्या गटाला विचारते. तशाच त्या जिना उतरून गेल्या.

मी दौंडला फोन केला. गार्डसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. नातू झाला होता, पेढे द्यायचे होते, ते सगळं बाजूला राहिलं. त्यांनी एवढंच विचारलं, “वाचन देवळात घेतलंत?”

“हो. पंखा होता, माइक होता...”

“बाई, मी आलो असतो तरी लिंबाखालीच बसलो असतो.”

चार वर्षं आम्ही एका टेबलावर काम करत होतो. त्यांच्या घरी मी जेवले होते. दौंडच्या त्यांच्या खोलीत भिंतीवर कुणाची तसबीर आहे ते मी बघितलेलं होतं. तरी देवळात वाचन ठेवताना माझ्या मनाला ते शिवलंही नाही. फोन ठेवल्यावर मला माझीच लाज वाटली. अशी लाज की जेवण जाईना. लोकांच्या हक्काच्या गप्पा मारणारी मी, आणि अर्धं गाव पायरीखाली ठेवून सही करून आले होते.

रविवारी गट बसला. गार्डसाहेब सकाळच्या पहिल्या गाडीनं आले. मी जसंच्या तसं सांगितलं. मग वादाला तोंड फुटलं. पोस्टातले म्हणाले, एका नोंदीसाठी आख्खं गाव पुन्हा कशाला, तेवढी एक हरकत नोंदवू. एक शिक्षक म्हणाले, आपणच लिहून दिलं की आमचं वाचन चुकलं, तर बाकीच्या गावांवरही शंका येईल. उद्या कुणी आपल्याला चावडीच्या आसपास फिरकू देणार नाही. चार वर्षांचं काम पाण्यात जाईल. त्यांचंही खोटं नव्हतं. मला स्वतःला मनातून तेच हवं होतं, हे कबूल करते. गुपचूप एक ओळ, आणि माझी सही शाबूत.

गार्डसाहेबांनी सगळ्यांचं होऊ दिलं. मग म्हणाले, “ही बाई शिरूरपर्यंत आली म्हणून आपल्याला कळलं. लिंबाखाली किती जण होते? त्यांच्या कागदावर काय आहे नि काय नाही, कुणी बघितलंय?”

ते पुढं म्हणाले, “मुदतीच्या आत असलं तर भाऊसाहेबांच्या पेनानं दुरुस्त होतं. उद्या कागद तालुक्याला गेला की मग अर्ज, नोटिसा, तारखा. विहिरीतल्या सगळ्या हिस्सेदारांचं म्हणणं घेणार. दोन वर्षं कुठं गेली नाहीत. तोवर तिनं काय हंड्यानं पाणी वाहून शेती करायची?”

सोमवारी सकाळी मी आणि गार्डसाहेब गावात उतरलो. आप्पांना आधीच वर्दी लागली होती, ते तलाठी कार्यालयाच्या ओट्यावर बसलेले. उठून नमस्कार केला, खुर्ची पुढं सरकवली. “बाई, पोरगं माजं जरा आगाव हाय. मी त्याला सांगतो, बुदवारी मोटर सोड म्हनून. झालं? कागदाला कशाला हात लावायचा? माज्या शब्दावर तिला पानी मिळंल की.”

“तुमच्या शब्दावर मिळेल आप्पा,” मी म्हटलं, “पण तुमच्यानंतर तुमचं आगाऊ पोरगं आहे.”

भाऊसाहेबांना हसू आलं आणि त्यांनी ते खोकल्यात घातलं. मग मात्र त्यांचा चेहरा उतरला, कारण मी कागद मागितला. त्यावर मी माझ्या हातानं लिहिलं की या गावचं वाचन सर्वांसमोर झालेलं नाही, दोन्ही दप्तरं ताडून पाहिलेली नाहीत, माझी आधीची सही चुकीची आहे. खाली नाव, तारीख. भाऊसाहेब वैतागले. “बाई, तुमी मला मारणार. वर काय सांगू मी?” मी म्हटलं, सांगा की बाईनं घोळ घातला. ते म्हणाले, तसंच सांगतो, आणि तसंच सांगितलं. वरून चार दिवसांची मुदत मिळाली, आणि तालुक्यात माझं नाव ‘घोळवाल्या बाई’ पडलं ते पुढं बरीच वर्षं टिकलं.

दुसरं वाचन मंगळवारी शाळेच्या मैदानात घेतलं. जागा मावशींना विचारून ठरवली. कोतवालानं दवंडी दिली ती दोन्हीकडे, गावठाणातही आणि वस्तीतही. तो स्वतः वस्तीतलाच. मला म्हणाला, “म्याडम, मागच्या टायमाला मीबी दवंडी देऊन खालीच हुबा व्हतो. तुमी बगितलंच न्हाई.” मी म्हटलं, हो बाबा, नाही बघितलं. मैदानात सतरंज्या टाकल्या होत्या. बायका खुरपी घेऊनच आल्या, इथून परस्पर रानात जायला. मधोमध टेबल, एका बाजूला मी छापील घेऊन, दुसऱ्या बाजूला गार्डसाहेब हाताचं दप्तर घेऊन. प्रत्येक पान ते उलटून मागून बघत होते, चिकटवलेलं काही आहे का म्हणून.

सावकाश चाललं होतं. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. कारण नियम सगळ्यांना सारखा. मावशींची नोंद आली की हरकत विचारणार, आणि आप्पांनी नुसतं ‘हाय’ म्हटलं की ती नोंद वादात. मग तोच अर्ज, त्याच तारखा. वाळला कांदा. म्हणजे मीच उभं केलेलं हे दुसरं वाचन तिच्या मुळावर यायचं. आप्पा पुढच्या ओळीत बसले होते, टोपी गुडघ्यावर. मुलगा त्यांच्या मागं उभा. मावशी समोरच्या सतरंजीवर, आपल्या बायकांच्यात, पिशवी मांडीवर घेऊन.

मधे एका घरातल्या बहिणीचं नाव गळालेलं सापडलं. वस्तीतल्या एका म्हाताऱ्याची रानात जायची वाट कागदावर नव्हती, तीही सापडली. दोन्ही नोंदी भाऊसाहेबांनी मुकाट्यानं लिहून घेतल्या. पोस्टातले आमच्याबरोबर आले होते, त्यांनी माझ्याकडे बघून मान खाली घातली.

मग मावशींच्या जमिनीचा गट नंबर आला. गार्डसाहेबांनी पट्टी उलगडली आणि वाचलं. सासऱ्यांचं नाव, मग मावशींचं नाव, सामाईक विहिरीत सातवा हिस्सा. मी छापील वाचलं, त्यात यातलं काहीच नव्हतं. भाऊसाहेबांनी विचारलं, “हाताच्या सातबाऱ्याप्रमाणे दुरुस्त करायचं. हरकत?”

मी आप्पांकडे बघत होते. मुलगा वाकून त्यांच्या कानाशी काहीतरी म्हणाला. आप्पांनी हातानंच त्याला मागं सारलं. मग टोपी डोक्यावर घातली आणि उभे राहिले.

“माजी हरकत न्हाई,” ते म्हणाले. “हीर खांदली तवा हिचा सासरा आत व्हता आन् माजा बाप वर. मी टोपलं वढत व्हतो. सातवा हिस्सा त्याचा हाय, हे समद्या गावाला ठावं हाय. लिवा.”

सतरंजीवरच्या बायका हलल्या, कुणीतरी ‘चला, झालं’ म्हणालं. आप्पा खाली बसायला वाकले, तेवढ्यात मावशी उभ्या राहिल्या.

“आप्पा,” त्या म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता. “समद्या गावाला ठावं व्हतं, तर देवळात का न्हाई बोललासा? माजं नाव वाचलं न्हाई ते तुमी आत बसून ऐकलं की.”

आप्पा अर्धवट वाकलेले तसेच राहिले. मग बसले. त्यांचं वय एकदम दिसायला लागलं.

“मला कुनी इचारलंच न्हाई,” ते म्हणाले.

आणि मला कळलं की म्हातारा खोटं बोलत नाहीये. हरकत आहे का एवढंच मी देवळात विचारत गेले होते, आणि उत्तराला थांबले नव्हते. ती नोंद कुठं गेली, ही माणसं कुठं आहेत, हे मी एकालाही विचारलं नव्हतं. गप्प बसणं त्यांना सोयीचं होतं, आणि ती सोय त्यांना मी करून दिली होती.

मावशी माझ्याकडे वळल्या.

“आन् बाई, तुमी? तुमी का न्हाई इचारलंसा?”

गार्डसाहेब मला सांभाळून घ्यायला काहीतरी बोलणार होते. मी त्यांना हातानं थांबवलं. मी उठून उभी राहिले. आयुष्यभर माझी जीभ कुठं अडली नाही, तिथं अडली. डोळ्यांत पाणी आलं ते मी पुसलंही नाही.

“चुकले, मावशी,” मी म्हटलं. “मी पायरीखाली बघितलंच नाही.”

सगळं गाव ऐकत होतं. मावशींनी मान हलवली नाही, हसल्या नाहीत, असू दे म्हणाल्या नाहीत. भाऊसाहेबांचं लिहून होईपर्यंत त्या उभ्या राहिल्या. कागद त्यांच्यापुढं केला, त्यांनी सही केली, एकेक अक्षर सुटं, सावकाश. मग खाली बसून पदर सारखा केला.

“मंग आता फुडलं वाचा,” त्या म्हणाल्या. “लोकांची कामं खोळंबल्यात.”